डबा क्रमांक २१७

महाप्याच्या गोदामात आम्ही
मे महिन्यातही स्वेटर घालून बसतो.
फिल्मला चार अंश लागतात.
माणसांना काय लागतं, ते कंत्राटात नाही.

झाकण गंजलेलं. उघडलं तर
बिघडलेल्या लोणच्याचा वास,
म्हणजे रीळ आतून आंबायला लागलंय.
चिठ्ठीवर निळी शाई: मीठ. ठाणे जिल्हा. चार मिनिटं.
साल नाही. काढणाऱ्याचं नाव नाही.
बायकांची तर कुणी विचारलीच नसतील.

पहिल्यांदा लावलं तेव्हा सगळे हसलो.
डोक्यावर टोपल्या, आणि बांधावरून
तुरुतुरु पळणाऱ्या बायका.
डिमेलो सर म्हणाले, त्या पळत नाहीयेत,
आपलं मशीन पळतंय.
चोवीसचा वेग सोळावर आणला
आणि टोपल्यांना वजन आलं.
एकीची मान दिसली, किती ताठ.
मग कुणी हसलं नाही.

माझं काम डाग पुसायचं.
एकेक चौकट, एकेक पांढरा ठिपका.
पण ढिगावरचं मीठ पांढरं, बुरशीही पांढरी,
खाडीच्या दमट हवेनं खाल्लेली कडाही पांढरीच.
एक ठिपका पुसायला गेले तर
पुढच्या चौकटीत तो थोडा उजवीकडे सरकलेला,
त्याच्या पुढच्या चौकटीत आणखी थोडा.
बगळा होता.
हात मागे घेतला. मग बराच वेळ
काहीच पुसवेना.

रविवारी करावे गावातून बामाआत्याला आणलं.
तिची उमर मिठागरात गेली.
आम्हाला वाटलं, ओळखेल कुणाला तरी,
म्हणेल, ही अमक्याची आई,
डोळे पुसेल. सरांनी रेकॉर्डरही लावून ठेवला होता.

तिनं चेहऱ्यांकडे बघितलंच नाही.
पडद्याजवळ गेली, कोंडीतल्या पाण्याकडे
वाकून बघितल्यासारखं बघितलं.
"यो मीठ आजून पिकला नाय," म्हणाली.
"त्या फोटूवाल्यासाठी वढतान."

पुन्हा लावलं.
खरंच, तिसऱ्या मिनिटाला
ताठ मानेची बाई फावडं थांबवून
कॅमेऱ्याच्या डावीकडे बघते,
कुणीतरी हात केल्यासारखं, कर, कर,
आणि ती पुन्हा कच्चं मीठ ओढायला लागते.
आधी दहा वेळा बघितलं होतं मी ते.
मला वाटायचं, ती लाजतेय.

आत्याला चहा दिला. गारठ्यानं
तिचे हात कपाला चिकटून बसलेले.
"आनि त्या दिसाची मजुरी?" तिनं विचारलं,
"ती दिली का यांला?"
सरांनी माझ्याकडे बघितलं,
मी चिठ्ठीकडे.

संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं:
वेग सोळा. मीठ कच्चं.
डाग तसेच ठेवले आहेत.
मजुरीसाठी रकाना नव्हता,
समासात लिहिलं, पेन्सिलीनं.