येऊन राहिली

इतवारीच्या नव्या स्टेशनात
सरकता जिना मला उभ्याउभ्या वर नेतो.
खोटं कशाला बोलू, गुडघ्यांना बरं वाटतं.
पाणी गार आहे, मे महिन्यातही.
जुन्या स्टेशनचा नळ उन्हाळ्यात
नुसता फुसकारायचा, सापासारखा, आणि बस.

भिंतीवर छोट्या लाईनच्या इंजिनाचा फोटो आहे,
पुसूनपासून, काचेत.
मी वजनकाटा शोधतो आहे.

लोखंडी, हिरवट, पार्सलखोलीच्या दाराशी,
एका कोपऱ्यात फरशीत खचलेला.

छोटी गाडी भिवापूरच्या मिरच्या घेऊन यायची.
शिट्टीच्या आधी शिंका ऐकू यायच्या,
अख्खी गाडी शिंकत शिंकत फलाटाला लागायची.
शनिवारी त्या पोत्यांमागे
आईचा डबा असायचा, गार्डाच्या भरवशावर.
फडक्याची गाठ अशी, की सोडायला दात लागायचे.

मी अकरा वर्षांचा. महालातलं वसतिगृह,
तेहतीस पोरं, एक खिडकी.

पार्सलचे रामटेके बाबू, कानामागे पेन्सिल,
पहिल्याच शनिवारी म्हणाले,
"चढ बे काट्यावर. तूही पार्सलच होय."
सव्वीस किलो.
पुठ्ठ्याच्या टॅगवर आकडा, तारीख, सही,
आणि टॅग रिकाम्या डब्याच्या कडीला, सुतळीने.
आईला अक्षरं येत नव्हती.
आकडे येत होते.
मिरची तोडणाऱ्या बाईला आकडे यावेच लागतात.

सव्वीस. साडेसव्वीस. सत्तावीस.
असं मी दर शनिवारी तिला कळत गेलो.

मग मला टायफॉईड झाला.
उठलो तेव्हा चड्डी सुतळीने बांधावी लागत होती.
काट्यावर चढलो. बाबूंनी एकदा दांडीकडे पाहिलं,
एकदा माझ्याकडे,
आणि हळूच आपला बूट काट्याच्या कडेवर टेकवला.
अठ्ठावीस.
सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली.

पुढच्या शनिवारी डबा आला नाही,
आई आली.
पोत्यांमागून उतरली, नाकावर पदर,
आणि सरळ पार्सलखोलीत:
"डबा अर्धा वापस येते
अन् पोट्ट्याचं वजन वाढून राहिलं,
असं कसं होते बाबू?"

बाबूंनी उत्तर दिलं नाही.
आपल्या बुटाकडे पाहत राहिले.
आईनेही पाहिलं. मग ती
हसली की रडली, मला आठवत नाही.
तेवढ्यात शिंक आली असावी, आम्हा तिघांनाही.

ती गेल्यावर, कितीतरी वर्षांनी,
तिखटाच्या बरणीत टॅगांची माळ सापडली.
अठ्ठावीसचा टॅगही होता.
तो तिने फेकला नव्हता.

आता दाराशी एक यंत्र आहे.
माझी पिशवी त्याच्या पोटातून जाते,
पडद्यावर डबा दिसतो, चमचा दिसतो, चष्म्याचं घर.
शिपाई हात हलवतो: जा.
वजन कोणी विचारत नाही.

मी अंदाजाने एका जागी उभा राहतो.
इथे असेल. किंवा तिथे, खांबापाशी,
जिथे एक बाई मोबाईल चार्ज करते आहे.
ग्रॅनाईट कुठेच खचलेलं नाही.

वरून आवाज येतो, गोड, धुतलेला:
गाडी थोड्याच वेळात येत आहे.
आमचे पुण्याकडचे मास्तर हेच शिकवायचे.
येऊन राहिली म्हणायचं नाही,
त्याचा अर्थ, आली आणि मुक्कामाला राहिली.
छडी खाल्ली, तरी जीभ वळली नाही.

एक पोरगा बॅग ओढत येतो, दम लागलेला.
"काका, गाडी गेली काय?"

फलकावर चाळीस मिनिटं उशीर.
मी रुळांकडे पाहतो. नाकात काहीतरी हुळहुळतं.

"येऊन राहिली," मी म्हणतो.
तो बॅगेवर बसतो.