लॉट नंबर

आधी बसच्या पायरीवर बोलायला लागला तो.
कट्.
नेहरूनगरच्या स्टॉपवर, उजवा पाय वर घेताना.
मागची बाई म्हणाली, काका, चावी पडली का?
मी वाकून बघितल्यासारखं केलं.

एकतीस वर्षं भोसरीत इन्स्पेक्शनला होतो.
नुसत्या आवाजावरून सांगायचो
कुठल्या लेथचं बेअरिंग गेलंय.
स्वतःचं कळलं नाही असं कोणत्या तोंडानं म्हणू.
कळलं होतं.
सुनंदाला सांगितलं, चप्पल वाजतेय.
तिनं नवी जोडी आणून दिली.

डॉक्टर अंबर्डेकरांनी दोनदा रक्त तपासलं.
कोबाल्ट वाढलंय, म्हणाले,
आणि मला समजवायला लागले कोबाल्ट म्हणजे काय.
मी ऐकून घेतलं.
टूलरूमच्या कपाटात कुलपात असायचे कोबाल्टचे बिट,
सही करून न्यायचे, सही करून ठेवायचे.
एक हरवला तर रशीद अख्खी शिफ्ट
कीस उपसत बसायचा.
आता ते रक्तातून हिंडतंय, रजिस्टरमध्ये नोंद नाही.
सहा महिने आमटी कळकल्यासारखी लागत होती
आणि मी भांडत होतो कल्हईवरून,
घरात पितळेचं एक भांडं नसताना.

वाटी धातूची, गोळा धातूचा.
सात वर्षं एकमेकांवर घासत राहिले.
वंगणाला मी.

ऑपरेशनच्या फॉर्मवर खाली लिहून दिलं:
काढलेला पार्ट परत मिळावा.
नर्स हसली. लोक मुतखडे मागतात, म्हणाली,
हे पहिल्यांदाच.

तिसऱ्या आठवड्यात वॉकर फ्रिजला टेकवून
टेबलावर पेपर अंथरला.
मायक्रोमीटर मखमलीतून काढला, झीरो तपासला,
गोळा फिरवून फिरवून आठ ठिकाणी मापला.
सात ठिकाणी ठीक.
आठव्या ठिकाणी तीन शतांश कमी.
माणसाचा केस सात शतांशांचा असतो,
म्हणजे अर्धा केससुद्धा नाही.
सुनंदा कोथिंबीर निवडत होती.
एवढंच? म्हणाली.
एवढ्यापायी जांघेत लिंबाएवढी गाठ,
ते करडं पाणी,
रात्री पायांत उशी धरून तुमचं ते कण्हणं,
एवढ्यापायी?
हो, म्हटलं. एवढंच.

गोळ्याच्या सपाट बुडाशी बारीक अक्षरं होती.
भिंगाखाली धरली.
लॉट नंबर, आणि शेवटी एक खूण
म्हणजे कुणीतरी पास केलाय.

मग तो मार्च आठवला.
एकतीस तारीख, थर्ड शिफ्ट, गेटवर ट्रक घुरघुरत उभा.
किक-शाफ्टचे चारशे नग,
गेज जरा ढिलं जात होतं.
धोंगडे, तुमच्या एका सहीसाठी अडलंय, म्हणाले प्रॉडक्शनचे बेंद्रे.
मी सही केली.
घरी येऊन गाढ झोपलोही.
कुणाची स्कूटर दिवे घाटात बंद पडली असेल,
कुणाची नडगी फुटली असेल किक मारताना,
असेल, नसेल.
कुणी पत्र लिहिलं नाही.

मी कंपनीला लिहायला घेतलंय.
दोन महिन्यांत 'महोदय'पर्यंत आलोय.
पंख्यानं कागद उडतो
म्हणून गोळा त्याच्यावरच ठेवलाय.
चांगला बसतो.

नव्या सांध्याचं स्टिकर फाईलमध्ये आहे,
नंबर सुनंदानं कॅलेंडरवर उतरवून ठेवलाय
गॅसच्या नंबराखाली.
हा मुका आहे.
बसची पायरी आली की
उजवा पाय टेकतो आणि तिथंच थांबतो,
कान देऊन.
चला काका, म्हणतो कंडक्टर,
मागं लाइन लागलीय.