सवलत

फेब्रुवारीत डुलुथमध्ये दुकानात शिरणारा माणूस
आधी पाय आपटतो,
बुटांचं मीठ पायपुसण्यावर झाडतो, मग तोंड उघडतो.
ती आपटायचंच विसरली.
तडक माझ्या काऊंटरशी आली, मागे पांढऱ्या ठशांची माळ,
आणि कॉफीचा रिकामा डबा समोर ठेवला.
रिकामा म्हणजे कॉफीपुरता. आत नोटा होत्या,
पाचाच्या, दहाच्या, रबरात आवळलेल्या.
लोकांच्या दारातलं बर्फ उपसून मिळवलेल्या,
हे ती बोलली नाही, तळहातांवरचे घट्टे बोलले.

"तो करडा लॅपटॉप. विद्यार्थी सवलतीत."

कार्ड होतं. कम्युनिटी कॉलेजचं, खरंखुरं.
शाळेत असतानाच कॉलेजचे दोन विषय घेणारी पोरं असतात,
त्यांतली ही. आयली निस्कानेन.
फोटोत डोळे अर्धे मिटलेले.

मी भरत गेलो. नाव, पत्ता, विषय: गणित.
जन्मतारखेच्या रकान्याने वर्ष गिळलं,
घटकाभर चघळलं
आणि लाल झाला.

"योजनेत नाव घालायला अठरा पूर्ण लागतात."
"सोळा आणि पाऊण," ती म्हणाली,
जणू पाऊणचं वजन मी लक्षात घेतलं नव्हतं.

पूर्ण किमतीत मात्र कुणीही घ्यावा.
जास्त पैसे मोजायला या जगात वय लागत नाही.
डब्यात एकशे चाळीस डॉलर कमी होते.

बाहेर पिकअपचं इंजिन चालूच होतं.
तिनं काचेवर टकटक केली, बाप आत आला,
पाय आपटून. तीनदा.
कागदाची गिरणी बंद पडली तेव्हापासून
गावातले असे बाप मी पुष्कळ पाहिलेत,
वस्तूंकडे न बघता किमतीच्या चिठ्ठ्या वाचणारे.

मी त्यांना अडचण सांगितली,
आणि सांगताना मलाच तिची लाज वाटली:
जी विद्यार्थी आहे ती सज्ञान नाही,
जो सज्ञान आहे तो विद्यार्थी नाही,
आणि नियमाला दोन्ही एकाच अंगात हवं.

तो बराच वेळ भिंतीवरच्या वायरी पाहत राहिला.
मग पाकीट काढलं.
मासेमारीचा परवाना, गिरणीचा जुना पास,
त्याच्याही मागून, खिळखिळ्या कप्प्यातून
एक कार्ड. ते पालथंच ठेवलं त्यानं.

मी उलटवलं.
तीच निळी पट्टी, तेच कॉलेज.
डेल निस्कानेन. वेल्डिंग, पहिलं सत्र.
टोपी काढून काढलेला फोटो,
केसांवर टोपीची गोल खूण तशीच.

आयली वाकून वाचत होती.
तिचे ओठ हलत होते, पहिलीतल्या मुलीसारखे.
"मंगळवारी, गुरुवारी," ती म्हणाली, "तू तळ्यावर जायचास.
बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसायला."
"हं."
"म्हणून एकदाही मासा घरी आला नाही."

एकोणीसशे त्रेसष्ट.
रकाना हिरवा व्हायला एक क्षणही लागला नाही.

वापर कशासाठी, असा शेवटचा प्रश्न असतो.
लोक सहसा वाचतही नाहीत, 'अभ्यास' वर बोट ठेवतात.
त्यानं वाचला. लेकीकडे पाहिलं.
तिनंच त्याचं बोट धरून तिथं नेलं.

नोटा तिनं मोजल्या, त्यानं पुन्हा मोजल्या,
मी तिसऱ्यांदा, कारण हात थरथरत होते, माझेच.
माझं त्याच कॉलेजचं कार्ड
दोन वर्षांपूर्वी मुदत संपून
घरच्या ड्रॉवरमध्ये बॅटऱ्यांखाली पडलंय.

नऊ डॉलर उरले.
खोकं काखोटीला मारून ते दारापर्यंत गेले,
तिथं ती थांबली.
"वाटेत मासे घेऊ," म्हणाली.
"गोठवलेले नकोत. आईला कळेल."