सातव्या हारीनंतर

भुसावळ. रेल्वे मैदानाबाहेरची टपरी.
सात सामने, सातही गेले.
लोटन म्हणतो, बदला आता पिंजारी सरांना,
इंजिनाचंही आयुष्य असतं भो.
तडवी चिडतो : तीन चषक कोणी आणले?
तुझ्या मेव्हण्याने?
चषक काय चाटायचे, लोटन म्हणतो,
आणि तिकडे भज्यांचा घाणा करपतो.

मी कोणाचाच नाही. म्हणजे
सकाळी लोटनचा, संध्याकाळी तडवीचा.

मग फाटकातून सर येतात,
सायकलीला बांधलेलं जाळं, गुडघ्यापर्यंत चुना.
एक कट, म्हणतात, बिनसाखरेचा.
सगळे सरकून बाकावर जागा करतात
आणि केळीच्या भावावर बोलू लागतात.

सर ग्लास ठेवतात :
रविवारी गोलात कोणाला उभं करू रे, लोटन?

लोटन भजं चावतो.
खूप वेळ चावतो.