चौतीस बोर्ड

खाण बंद पडली तेव्हा कोळमळात
दोनच गोष्टी मागे राहिल्या:
एक खड्डा, आणि खड्ड्याएवढाच डोंगर.
डोंगराला लोक वाळवंट म्हणतात.
वाळवंट इथं कुणी पाहिलेलं नाही,
पण तीनदा धुतलेली चादर
तांबडीच वाळत राहिली, की दुसरं काय म्हणायचं?

आता तिथं वारसा उद्यान होतंय.
बोर्ड रंगवायचं काम मला मिळालं,
चौतीस बोर्ड, पत्र्याचे, हिरव्यावर पांढरं.
केपेंहून स्कूटरला डबे बांधून येतो.

खड्ड्यात पाणी साठलं, अडया उतरल्या,
त्याचं नाव ‘पाणथळ’. बोर्ड सातवा.
डोंगरावर माड धरेना, सुपारी धरेना,
आकेशिया तेवढी उभी राहिली
लग्नघरी बिनबोलावलेल्या पाहुणीसारखी.
तिचं नाव ‘बाग’. बोर्ड अकरावा.
आणि मधल्या जांभ्याच्या कातळावर
कुणीतरी कोरलेला वशिंडाचा बैल,
हरणं, बहुतेक एक बाई,
आणि सात वेढ्यांचं चक्र.
तज्ज्ञ कधी चार हजार म्हणतात, कधी सहा.
मी आकड्यापुरती जागा सोडून
‘वर्षांपूर्वी’ लिहून ठेवलंय.

राखणदार कुष्टा वेळीप.
आधी तो इथंच डंपर मोजायचा,
खडूनं, पाचाची एक जुडी.
त्याच्याआधी, लहानपणी, गुरं राखायचा.
चक्राच्या चरातून टिचकीनं काजूची बी न्यायची,
जो मधोमध पोचवील
त्याची गुरं त्या दिवशी दुसऱ्यानं वळायची.
हे कुठल्याच बोर्डावर नाही.

चवथीनंतरच्या आठवड्यात भांडण लागलं.
चक्राच्या चरांत पाणी, बोटाच्या पेराएवढं,
पाण्यात बेडूकमासे,
वाक्यच नसलेले शेकडो स्वल्पविराम.
पुरातत्त्वाच्या कंटक बाई म्हणाल्या, उपसा,
शेवाळ धरतं, रेघ झिजते.
गळ्यात दुर्बीण घातलेला इनासियु म्हणाला,
माझ्या खात्यात हेसुद्धा पाणथळच.
बागेचा मुकादम म्हणाला, उपसणारच असाल
तर माझ्या रोपांना घाला.
तिघांच्या तीन फायली,
चौथी उद्घाटनाची. रविवारी मंत्री.

कुष्टा गुडघ्यांवर बसला,
नाक पाण्याला लागेल इतका वाकला.
“फाटले पांय आयल्यात,” तो म्हणाला.
“फुडले आठ दिसांनी.”

कंटक बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला.
चार हजार वर्षं, त्या पुटपुटल्या,
आणि मनाशी कसलीशी वजाबाकी करत
गाडीकडे गेल्या.

तारीख पुढे गेली.
फायलीत कारण काय पडलं ठाऊक नाही.
पुढचे पाय यायचेत,
असं मंत्र्यांना कुणी कळवलं नसावं.
मी कमानीवरचा आकडा पॉलिशपेपरनं घासून काढला.

मग रोज सकाळी, ब्रश भिजत घालून,
आधी तिकडेच जाऊ लागलो.
बैलाच्या डोळ्यात एक राहत होता, एकटाच.
ऊन चढलं तसा डोळा आटू लागला.
कुष्टानं आकेशियाची डहाळी आणून
बैलाच्या तोंडावर टेकवली.
“बागेचा पहिला उपयोग,” इनासियु म्हणाला.
मुकादमाला राग आला, मग हसू.

नवव्या दिवशी चर कोरडे.
बाहेरच्या वेढ्यापाशी कातळच हलत होता:
काजूच्या बीहूनही लहान,
तांबडे, खडबडीत,
बेडूक.
पाऊल कुठं ठेवावं कळेना.
कंटक बाई चपला हातात घेऊन
एका पायावर उभ्या.

काही खड्ड्याकडे गेले,
काही त्या वाळवंटाकडे, कशाला कोण जाणे.
एक मात्र उलट फिरला,
एकेक वेढा ओलांडत आत आत,
आणि मधोमध जाऊन बसला.

कुष्टानं टोपी मागे सारली.
“ह्याचीं गोरवां,” तो म्हणाला,
“आयज दुसऱ्यान राखचीं.”