इंजिन उतरवताना

शारजा, इंडस्ट्रियल दहा. रात्रीचे साडेनऊ,
तरी पत्र्याला हात लावू नये असा ताप.
बू खलफान सांगून गेलाय: आवाज जुनाच ठेव,
ताकद तेवढी नवी घाल.
असं होत नसतं, अरबाब.

बहात्तरची डॅटसन. चेन ओढली,
सहा सिलिंडरांचं धूड डुलत वर आलं.
नवं हलकं, पण बसेना.
माउंट कापायला ग्राइंडर उचलला
तर फायरवॉलवर, काजळीखाली,
पिवळ्या ऑइलपेंटात
डावा.

लेफ्ट नव्हे, बायाँ नव्हे. डावा.
काना जरा लांबलेला.
कोण होतास बाबा? चिपळूणचा? कधीचा?

वायरिंग नेमकं तिथूनच जायचं होतं.
दोन बोटं वळसा घालून नेलं.
बिलात लिहिलं:
वायर, अर्धा मीटर जादा.