काठ पक्ष

जिल्हा न्यायालयाच्या भिंतीला लागून, कडुलिंबाखाली
माझा टाइपरायटर बावीस वर्षं
आधी एकच शब्द उमटवतो : मी.
मी, खाली सही करणार, वय अमुक, धंदा अमुक,
शपथेवर लिहून देतो की.
घर विकताना मी, नाव बदलताना मी,
बायको सोडताना तर फारच ठासून मी.

एका मार्चात शंभर जण आले
आणि सगळ्यांना मिळून एकच काहीतरी व्हायचं होतं.

पुढे हेडाऊ मास्तर, बगलेत कापडी पिशवी.
मागे नागनदीच्या दोन्ही अंगांची माणसं,
ज्यांच्या भिंतीवर पुराची ओल कमरेपर्यंत चढली
आणि पंचनाम्यात घोट्यापर्यंत उतरली.
"पक्ष काढून राह्यलो ना बाई," मास्तर म्हणाले,
कुणी पिठाची गिरणी काढावी तसं.

नावावरून तीन रविवार भांडण झालेलं.
'जन' आधीच कुणाचं तरी, 'क्रांती' तर कितीकांची,
जातीचं चालत नाही, देवाचं चालत नाही.
शेवटी सुभद्राबाई पराते बोलल्या,
चाळीस वर्षं मागावर बसलेल्या :
"काठ ठेवा. काठाबिगर लुगडं उसवते."
मागून कोणी म्हणालं, ठेवा ठेवा,
काठावर पास होण्यातच हयात गेली आपली.

मी त्यांची घटना टाइप केली.
समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही
यांवर खरी श्रद्धा आणि निष्ठा :
हे कलम लागतंच, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.
रज्जाकभाईंनी ते मला दोनदा वाचायला लावलं.
दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं.

दहा हजारांचा ड्राफ्ट.
इतवारीच्या बँकेत कॅशियर दहा-दहाच्या नोटा मोजत
मधेच चुकला, पुन्हा पहिल्यापासून.
स्थापनेपासून तीस दिवसांत अर्ज दिल्लीला पोचायला हवा,
आणि चोविसाव्या दिवशी शंभरातला एक गळाला.
मोरेश्वर ढवळेच्या पोरानं
बापाच्या फोनवरून भलत्याच पक्षाला मिस्ड कॉल दिलेला,
बाप सदस्य झालेला, बापाला पत्ता नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी नवा कागद चढवला, कार्बन लावला,
म्हटलं, एका प्रतिज्ञापत्राचे पन्नास रुपये.

शंभरावी चार चाळीसला ऑटोतून उतरली,
रज्जाकभाईंची वहिनी, हाताला कांद्याचा वास.
"दुसऱ्या कोणत्या पक्षाच्या सदस्य आहात?"
"मी तं घरातल्याबी कोन्त्या पक्षात नाई जी."
नोटरीनं शिक्का मारला.
मास्तर गठ्ठा छातीशी धरून जीपीओकडे चालत निघाले,
ऑटोचे पैसे वहिनीच्या परतीला ठेवून.

मग पावसाळा गेला.
मग चार वर्तमानपत्रांत जाहिरात :
कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावे.
ती ड्राफ्टापेक्षा महाग पडली.
मी समोरच्या टपरीवर तर्री-पोहे खाताना वाचली,
एक वेलांटी चुकली होती, माझी नव्हे, त्यांची.
तीस दिवस झाले, कुणीच हरकत घेतली नाही.
मास्तर जरा खट्टूच झाले.
"येका मानसाले तरी वाटायला पायजे होतं,
का हे लोक आले तं आपलं काही खरं नाई."

दिल्लीचं पत्र आलं ते नोंदणीकृत,
पण मान्यता नसलेल्या पक्षाचं.
त्याचा अर्थ त्यांना मी सांगितला,
तर कुणाला काही विशेष वाटलं नाही.

काल ते चिन्हांची यादी घेऊन आले.
बादली, शिट्टी, शिवणयंत्र, फणस.
सुभद्राबाई प्रत्येक चित्रावर नख टेकवत
मागाचं चित्र शोधत होत्या.
पुढच्या पानावर खालून तिसरा टाइपरायटर होता.
मी त्यावर पाण्याचा पेला ठेवला
आणि त्यांची चर्चा संपेपर्यंत उचलला नाही.